पायरीवरची मुलगी आणि मंडळाचे अभिप्राय

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (म्हणजे गुडघे वाकू देतील तेवढा, उरलेला मनातल्या मनात). तुझी कंबर कशी आहे? ऑपरेशन झालेला डोळा आता दुसऱ्या डोळ्याला हिणवत नाही ना? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. हिचा खोकला गेला. माझी साखर जुन्या हेडक्लार्कसारखी आहे तिथेच बसून आहे, वर जात नाही, खाली येत नाही. आता हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, हे मलाही कळतं. पण पुढे जे सांगायचं आहे ते फोनवर सुरू केलं असतं, तर दुसऱ्याच वाक्याला तू "डॉक्टरला दाखवलंस का?" म्हणाली असतीस आणि तिसरं वाक्य कायमचं राहून गेलं असतं. पत्राचं हे बरं असतं, ऐकणाऱ्याला मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा चष्मा लाव, पाठीला उशी घे आणि शेवटपर्यंत वाच.

तुला माहीत आहे, तेहतीस वर्षं मी दुकानदारांची वजनंमापं तपासली. निवृत्त झाल्यावर तपासायला घराशिवाय काही उरलं नाही. पहिल्या पंधरवड्यातच हिच्या स्वयंपाकघरातला काटा अठरा ग्रॅमने खोटा निघाला. मी तो पुराव्यासकट हिच्यासमोर मांडला. त्याच संध्याकाळी हिने बाजारातून एक कॅमेरा आणून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आता जे काय तपासायचं ते घराबाहेर तपासा." (कॅमेरा चांगला आहे. त्याच्यामागचा हेतू मात्र मला आजवर कुणी दिलेल्या भेटींमध्ये सर्वात स्वच्छ होता.) त्यानंतर हिनेच चौकशी करून मला वाचनालयाच्या माडीवर भरणाऱ्या छायाचित्र मंडळात घातलं, शाळेत घालतात तसं, पहिल्या दिवशी दारापर्यंत सोडून.

हे मंडळ फक्त जुन्या इमारतींचे फोटो काढतं. दर शनिवारी दुपारी चारला सगळे जमतात. ज्याची पाळी असेल त्याचा फोटो फळ्यावर टाचतात आणि मग बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. ह्याला तिकडे रसग्रहण म्हणतात. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावल्यामुळे त्यांना कुठलीही इमारत जबड्यासारखीच दिसते. "ही कमान मुळापासून किडली आहे," "ह्या मजल्याला हल्ली कवळी बसवलेली दिसते," असे अभिप्राय ते देतात, आणि पंचाईत अशी की ते बरोबर असतात. दुसऱ्या एक बाई आहेत, त्यांनी आयुष्यभर भूमिती शिकवली. फोटोतली भिंत केसभर जरी कलली तरी त्यांना चक्कर येते, म्हणून आम्ही त्यांना लंबरेषाबाई म्हणतो (पाठीमागे, तोंडावर म्हटलं तरी त्यांना आवडेल असा माझा कयास आहे). तिसरे ग्रंथपाल. ते "हं" खेरीज काही बोलत नाहीत, पण माडीची किल्ली त्यांच्याकडे असल्यामुळे त्यांना सभासद करून घ्यावं लागलं. मंडळाचा नियम असा, की प्रत्येकाने एकच इमारत निवडायची आणि तिचे तीन वेळा फोटो आणायचे. आणि सहावा नियम असा, की फोटो काढणाऱ्याने सबब सांगायची नाही.

मी निवडली ती इमारत नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. तीन मजली, काळ्या दगडाची, समोर अकरा पायऱ्या, वर कमान, कमानीत रंगीत काचा (पैकी दोन शाबूत). दारावर "जुने अभिलेख" अशी अर्धवट पुसलेली पाटी आणि माझ्या मुठीएवढं गंजकं कुलूप. फाटकावर एक पहारेकरी असतो. आत कोणी जात नाही, आतून कोणी येत नाही, त्यामुळे पहारा देण्याचं काम त्याला फार जड जात नाही. मी पहिल्यांदा गेलो तो सकाळी नऊच्या सुमारास. आवारात वाळकी पानं आणि मी. चार फोटो काढले, त्यातला बरा वाटला तो मोठा छापून घेतला आणि शनिवारी फळ्यावर टाचला.

लंबरेषाबाईंनी डोळे मिटून घेतले. इमारत भर दुपारी पिऊन घरी निघालेल्या माणसासारखी डावीकडे झुकली होती, हे मलाही मान्य करावं लागलं. अध्यक्षांनी वरच्या खिडक्यांना अक्कलदाढा म्हणून काढून टाकायला सांगितलं. ग्रंथपाल म्हणाले, हं. आणि मग अध्यक्ष चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "एक गोष्ट मात्र छान साधली आहे. पायरीवर मुलगी बसवलीत ते. तिच्यामुळे इमारतीची उंची कळते."

मला वाटलं, ते दुसऱ्याच कुणाच्या फोटोबद्दल बोलताहेत. उठून जवळ गेलो. खालून सातव्या पायरीवर, उजव्या भिंतीला चिकटून, आठनऊ वर्षांची मुलगी बसली होती. फ्रॉक, दोन वेण्या, गुडघे एकमेकांना टेकवलेले, मांडीवर काहीतरी पांढरं. "पण तो पांढरा ठिपका खटकतो," बाई म्हणाल्या, "नजर सारखी तिथेच जाते. आणि प्रकाशाचा घोटाळा आहे. इमारतीची सावली एकीकडे, हिची दुसरीकडे. फ्लॅश मारलात का?" मी म्हटलं, फ्लॅश नाही मारला, आणि ही मुलगी तिथे नव्हती. त्यावर तिघांनीही एकदम भिंतीवरच्या नियमावलीकडे बोट दाखवलं. नियम सहावा.

ताई, मी घरी आलो तो ह्याच विचारात, की आपलं लक्ष नसताना एखादं मूल येऊन बसलं असेल. वजनमापाच्या खात्यात एवढ्या वर्षांत माझी नजर चुकली नाही, पण वय झालं, होतं असं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. ह्या वेळी आधी पहारेकऱ्याला विचारलं, इथे खेळायला मुलं येतात का? तो म्हणाला, "मुलं? साहेब, इथे मांजर येत नाही." मी सगळ्या पायऱ्या चढून उतरलो, भिंतीच्या कोपऱ्यात वाकून पाहिलं, मग स्टँड लावून सात फोटो काढले. भिंती अशा सरळ धरल्या की ओळंबा लावून बघावं. छापून आणलेलं पाकीट स्टुडिओच्या दारातच उघडलं आणि तिथल्याच स्टुलावर बसलो. सातही फोटोत होती. तीच पायरी, तोच फ्रॉक. फक्त पहिल्या वेळी तिची सावली आखूड होती, आता चांगली लांब झाली होती. माझे फोटो दोन्ही वेळा सकाळी नऊचे, ताई. तिचा दिवस मात्र दुपारकडून संध्याकाळकडे सरकला होता.

मंडळाला ह्याचं काही वाटलं नाही! मी पहिल्यांदाच सांगतो, भुताखेतांपेक्षा रसग्रहण करणाऱ्यांची मला जास्त भीती वाटायला लागली आहे. अध्यक्ष म्हणाले, मागच्या खेपेला मुलगी जास्त मोकळी बसली होती, ह्या वेळी खांदे आवळले आहेत, तिला कंटाळा आलेला दिसतो, इतका वेळ बसवून ठेवू नये लहान मुलांना. बाई म्हणाल्या, फ्रॉक तरी बदलायचा. त्यांच्या मते मांडीवरच्या पांढऱ्याने अजूनही तोल बिघडत होता. मी कसंबसं म्हटलं, अहो, मी हिला बसवलेलं नाही, मी हिला पाहिलेलंसुद्धा नाही. अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "नवशिक्याला असंच वाटतं. आपण काय काढलंय ते आपल्याला दिसतच नाही. म्हणून तर मंडळ असतं." ग्रंथपालांनी तेवढं ह्या खेपेला हं म्हटलं नाही. ते फोटोतल्या पाटीकडे बराच वेळ बघत राहिले.

घरी मी पाकीट कपाटात वर्तमानपत्राखाली लपवलं. (कपाटात काही लपवलं की ते हिला आपोआप सापडतं, ह्यात मात्र भुताटकी नाही.) चहा घेऊन बाहेर येतो तो ही खिडकीपाशी भिंग घेऊन बसलेली, शिवणाच्या सुया शोधायचं ते. फोटो डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, आणि ही अगदी सहज, वाटेत ओळखीचं माणूस भेटावं तशी म्हणाली, "अगं बाई, ह्या तर वन्सं!"

मी म्हटलं, काय वेड लागलंय का, ताई सदुसष्ट वर्षांची आहे. तर ही म्हणाली, "हात बघा." मी भिंगातून पाहिलं. ते पांढरं म्हणजे तान्ह्या बाळाचं टोपडं होतं. त्याचा एक बंद मुलीने डाव्या अंगठ्याला गुंडाळला होता, सोडून पुन्हा गुंडाळला होता, इतका की अंगठ्याचं टोक पांढरं पडलं होतं. ताई, डॉक्टरच्या दवाखान्यात, स्टेशनवर, माझ्या निकालाच्या दिवशी शाळेबाहेर, जिथे जिथे तुला वाट बघत बसलेलं मी पाहिलंय तिथे तिथे पिशवीचा बंद तुझ्या डाव्या अंगठ्याला असाच असतो. मला हसायला आलं आणि त्याच वेळी पाय गार पडले. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

सोमवारी ग्रंथपाल स्वतः घरी आले. (ते कुणाच्या घरी जातात हेच पहिलं नवल.) जुन्या नगरपालिकेच्या एका अहवालाची प्रत घेऊन आले होते. ती इमारत अभिलेखांची नंतर झाली. त्याआधी अनेक वर्षं ते प्रसूतिगृह होतं. नाव वाचलं आणि उठून माझा जन्माचा दाखला काढला. तेच नाव. नोकरीमुळे अर्धा जन्म दुसऱ्या गावांत गेला आणि शेवटी बदलीवर ह्या गावात आलो, तेव्हा आपला जन्म इथलाच एवढं माहीत होतं. कुठल्या दारातून, ते कधी विचारलं नाही. विचारायचं कुणाला? त्या दिवसाबद्दल बाबा बोलत नसत आणि तू तर खोलीतून उठूनच जायचीस.

काकू तेवढ्या एकदा बोलल्या होत्या, त्यांच्या शेवटच्या आजारपणात. मी ते तुला कधी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, बाबांनी तुला दुपारी बाहेर पायऱ्यांवर बसवलं आणि सांगितलं, "आईला आणि बाळाला घेऊन येतो. इथून हलू नकोस." आत जे झालं ते झालं. आईला मागच्या दाराने नेलं. मला कुणीतरी कपड्यात गुंडाळून काकूंकडे दिलं. त्या गोंधळात प्रत्येकाला वाटलं की तू दुसऱ्या कुणाबरोबर घरी गेली असशील. दिवेलागणीला काकूंच्या लक्षात आलं आणि त्या धावत आल्या, तर तू तिथेच. उठायला तयार नव्हतीस. बाबांनी हलू नकोस म्हणून सांगितलंय म्हणालीस. भिंतीच्या कडेला धरलेली बोटं एकेक करून सोडवावी लागली, असं काकू म्हणाल्या, आणि मग कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपल्या. काकूंनी तुला नेलं खरं. पण मला आता वाटतं, सगळीच्या सगळी नाही नेता आली त्यांना.

तिसऱ्या फोटोसाठी मी बुधवारी गेलो. ह्या वेळी चष्मा लावून गेलो, कारण तोवर मी कॅमेऱ्यामागचा छोटा पडदा बिनचष्म्याने बघून नुसता मान हलवत होतो (हे मंडळात कुणाला सांगू नकोस). स्टँड लावला. डोळ्यांनी पाहिलं: रिकामी पायरी. पडद्यात पाहिलं: बसलेली. मान वर केली: पायरी. खाली घातली: तू. असं मी किती वेळ केलं असेन कोण जाणे, फाटकावरून पहारेकऱ्याने विचारलं, "साहेब, मान आखडलीय का?"

मग मी टायमर दहा सेकंदांवर लावला आणि जिना चढलो. दहा सेकंदांत सात पायऱ्या, ह्या गुडघ्यांनी. भिंतीपासून हातभर जागा सोडून बसलो. दगड थंडगार होता, बसल्याबसल्या कण्यापर्यंत गेला. हात टेकवायला म्हणून डावीकडे, भिंतीच्या बाजूला ठेवला, तर तिकडचा दगड कोमट. कुणी नुकतंच उठून गेलं की खुर्ची असते ना, तसा. (उठून कुणी गेलेलं नव्हतं.) कॅमेऱ्याचा तांबडा दिवा लुकलुकत होता. मला काहीतरी बोलायला हवं होतं आणि अठ्ठावन्न वर्षांचा माणूस नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीशी काय बोलणार? मी म्हटलं, "ताई, चल." आणि फोटो निघाला.

तो फोटो मी शनिवारी फळ्यावर टाचला. त्यात मी बावळटासारखा समोर बघतो आहे. आणि ती, म्हणजे तू, भिंतीकडे थोडी सरकून माझ्याकडे मान वळवून बघते आहेस, परक्या माणसाकडे बघावं तशी. टोपडं तू दोन्ही हातांनी छातीशी धरलं आहेस, मी हिसकावून घेईन अशा भीतीने. ताई, मी तुला कसं सांगू की ते माझंच आहे? मोठं झालं डोकं, एवढंच.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "डावीकडे जागा फार रिकामी आहे," ते हळूच म्हणाले. "तिथे आणखी कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटत राहतं." बाई फळ्याजवळ गेल्या, पट्टी लावली आणि म्हणाल्या, सगळ्या रेषा सरळ आहेत. अडीच महिन्यांत त्यांनी मला म्हटलेलं हे पहिलं गोड वाक्य, आणि ते म्हणताना त्या रडत होत्या. वार्षिक प्रदर्शनात हाच फोटो मधोमध लावायचा असं ठरलं. मी तो फळ्यावरून काढून घेतला. मंडळाचं ठरलेलं मोडलं म्हणून माझं सभासदत्व जाईल बहुतेक. जाऊ दे. ही म्हणते, तसं झालं तर स्वयंपाकघराला आतून कडी बसवून घेईन.

सोबत तिन्ही फोटो ठेवले आहेत. मांडणी, प्रकाश, तोल ह्यांबद्दल तुझा मोकळा अभिप्राय कळव. तब्येतीला जप, पाण्याची बादली स्वतः उचलू नकोस. मोठ्यांना माझे नमस्कार म्हणणार होतो, पण आता आपल्या घरात तुझ्याहून मोठं कुणी उरलेलं नाही, तेव्हा तेही तुलाच.

तुझा,
धाकटा

ता. क. अभिप्राय नको आहे. ती इमारत एकवीस तारखेला पाडणार आहेत, फाटकावर नोटीस लागली आहे. मी पुन्हा दोनदा जाऊन बसलो, हाका मारल्या, ती जागची हलत नाही. माझं ऐकणार नाही, मला ती ओळखतच नाही. तू ये. तू सांगितलंस तर ऐकेल. अकरापैकी सातच पायऱ्या आहेत, मी हात धरीन.

पुन्हा ता. क. दुसऱ्या वाक्याला डॉक्टर म्हणणार नाहीस असं गृहीत धरतो.

वन्सं, नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं (दिलं नसतं तरी वाचलं असतं). ह्यांनी लिहिलंय त्यात चूक काही नाही. पण पुरुषमाणसांना हाकादेखील धड मारता येत नाहीत. काल दुपारी हे झोपले असताना मी एकटीच तिकडे गेले. कॅमेरा नाही, काही नाही. सातव्या पायरीवर बसले आणि जे आहे ते सांगितलं. म्हटलं, बाळा, आई यायची नाही आता. तुला कुणी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं, त्यांचं चुकलं. बाळ मात्र आहे. आमच्या घरी आहे, चांगलं वाढलंय, फार तपासण्या करतं. बघायला येतेस का? थोडा वेळ बसले आणि उठून निघाले. फाटकाशी पहारेकरी म्हणाला, "बाई, येताना एकट्या होतात, ही मुलगी कुठून आणलीत?" मी मागे वळून पाहिलं नाही. घरापर्यंत हळूहळू चालत आले, लहान पावलांना झेपेल तशी.

ह्यांना अजून बोलले नाही. परत कॅमेरा काढून बसतील आणि ती बिचारी बुजेल. तेव्हा तुम्ही नदीवर वगैरे जाऊ नका, स्टेशनवरून सरळ घरी या. आज सकाळपासून पुढचं दार दोनदा आपसूक उघडलं. दोन्ही वेळा मी लावून घेतलं आणि सांगितलं, मंगळवारच्या गाडीने येतेय ती, मोठी झालेली तू, बस आत. तिला एकदा खोटं सांगून झालंय, वन्सं. मला खोटं पाडू नका.